गोव्याच्या उकाड्यात शांत चालणारं छोटं गेमिंग कॅबिनेट: डिझाइनपासून टेस्टिंगपर्यंत

मी म्हापशाला राहतो, जुनं कौलारू घर आहे, माझ्या खोलीत एसी नाही आणि मे महिन्यात दुपारी खोलीतच ३२-३३ डिग्री असतात. आधी माझ्याकडे मोठा टॉवर होता, गेम लावला की त्याची घरघर मधल्या खोलीत झोपलेल्या आईपर्यंत जायची, आणि टेबलावर ठेवला तर दुसरं काही ठेवायला जागाच उरत नव्हती. म्हणून मी स्वतःचं छोटं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचे पार्ट बसतात ती पेटी, बनवायला घेतलं. दोन पावसाळे गेले त्यात, तीन वेळा बनवलं, आणि तिसरं आता रोज वापरतो. कसं केलं ते सगळं क्रमाने लिहितोय, कारण नेटवर जी माहिती मिळते ती बहुतेक २०-२२ डिग्रीच्या थंड खोल्यांतली असते, आणि आपल्याकडे तसं नसतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हवेची वाट जेवढी मोकळी तेवढा पंखा हळू फिरवता येतो, आणि पंखा हळू फिरला की आवाज उतरतो. ढोबळ हिशोब असा की तोच पंखा निम्म्या वेगाने फिरवला तर आवाज साधारण १५ डेसिबलने कमी होतो. एवढा फरक कुठलाही फोम देऊ शकत नाही. लोक आतून जाड स्पंज चिकटवतात, पण स्पंज फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो, खालची घुमणारी घरघर तशीच राहते, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये त्या स्पंजामुळे हवेचीच जागा जाते, मग पंखे अजून जोरात फिरतात. त्यामुळे पूर्ण डिझाइनभर मी एकच प्रश्न विचारत राहिलो, इथून हवा कशी जाणार.

आधी पार्ट, मग कॅबिनेट

कॅबिनेट आधी काढून त्यात पार्ट कोंबायला जाऊ नका. माझ्याकडे रायझन ५ ७६०० प्रोसेसर आहे, त्याचा टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा, ६५ वॅट पण प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जातो, आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ते २०० वॅट. म्हणजे आत ३०० वॅटच्या आसपास उष्णता तयार होणार असं धरून चाललो. आता ही उष्णता बाहेर न्यायला हवा किती लागते त्याचा सोपा हिशोब आहे: वॅटला १.७६ ने गुणा आणि आतल्या-बाहेरच्या हवेत जेवढ्या डिग्रीचा फरक चालेल त्याने भागा, उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं येतं. ३०० वॅट आणि १० डिग्री फरक, तर साधारण ५३ सीएफएम. पंख्याच्या बॉक्सवर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि फिल्टर लावला की त्यातला बराच भाग जातो, म्हणून एका पंख्यावर सगळं भागवायचा विचार करू नका. १२० मिमीचे तीन पंखे हळू चालवणं हे ९२ मिमीचा एक पंखा पळवण्यापेक्षा कधीही बरं.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, एसएफएक्स या छोट्या साइजचा घ्या, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमी. आणि गरजेपेक्षा थोडा मोठा घ्या, मी ३०० वॅटच्या मशीनला ६५० चा लावलाय, कारण निम्म्या लोडवर त्याचा पंखा जवळजवळ फिरतच नाही. हार्ड डिस्क नको, बोर्डवरच बसणारी एनव्हीएमई एसएसडीच लावा. लिक्विड कूलर मी टाळला, पंपाची बारीक शीळ रात्री डोक्यात जाते, आणि पंखे तर तेवढेच लागतात.

मांडणी आणि मापं

मिनी आयटीएक्स या छोट्या साइजचा मदरबोर्ड १७० बाय १७० मिमी असतो. मांडणीचे दोन मुख्य प्रकार, एक सँडविच, म्हणजे बोर्ड एका बाजूला, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या बाजूला आणि मध्ये दोघांना जोडणारी रायझर केबल, आणि दुसरा साधा, कार्ड थेट बोर्डच्या स्लॉटमध्ये. सँडविच बारीक होतं आणि दिसायला सुंदर असतं, पण रायझर केबल महाग, आणि जुन्या जेन ३ (कार्डाच्या स्लॉटची तिसरी पिढी) च्या केबलवर नवीन कार्ड लावलं तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन स्लॉट जेन ३ वर सेट करावा लागतो नाहीतर स्क्रीनच येत नाही किंवा मध्येच अडकतं. मी साधी मांडणी घेतली.

माझं बाहेरचं माप उंची २९० मिमी, रुंदी १६५, लांबी ३३०. गुणाकार केला की १५.८ लिटर येतात. बोर्ड उभा, त्याच्या खालच्या स्लॉटमध्ये कार्ड आडवं, कार्डाच्या बरोबर खाली तळाला १२० मिमीचे दोन पंखे हवा वर फेकणारे, बोर्डच्या पुढे जी १५०-१६० मिमी जागा उरते तिथे एसएमपीएस, आणि छताला बोर्डच्या वर एक १२० मिमीचा पंखा हवा बाहेर काढणारा. गरम हवा तशीही वर जाते, आणि कार्ड हाच सगळ्यात मोठा निखारा, त्याला सरळ बाहेरची ताजी हवा मिळते. दोन आत, एक बाहेर असल्यामुळे आत हलका दाब राहतो आणि फटीफटीतून धूळ आत ओढली जात नाही. आपल्याकडे रस्त्याची तांबडी धूळ किती बारीक असते ते सांगायला नको.

मापं काढताना ज्या चुका होतात त्या इथेच सांगतो. बोर्डची चार भोकं पूर्ण चौकोनात नसतात, एक भोक सरकलेलं असतं, त्यामुळे अंदाजाने मार्किंग करू नका, खरा बोर्ड कागदावर ठेवून पेन्सिलने भोकं उतरवून घ्या आणि मग ड्रॉइंगशी ताडून बघा. मागच्या आयओ पट्टीची (यूएसबी वगैरे पोर्ट असतात ती) खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिमी. कार्डाच्या मागच्या दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी. १२० च्या पंख्याच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी, आणि भोक साडेचार मिमीचं ठेवा, मी पहिल्या वेळी ३ मिमीची काढली होती आणि पंख्याचे जाड स्क्रू आत गेलेच नाहीत, सगळी भोकं हाताने मोठी करत बसलो.

आणि कार्डाची लांबी सगळे बघतात, उंची कोणी बघत नाही. नव्या १६ पिनी पॉवर कनेक्टरची केबल कनेक्टरपासून निदान ३५ मिमी सरळ यायला पाहिजे, त्याच्या आत वाकवली तर कनेक्शन ढिलं होऊन तापण्याचा धोका असतो. १६५ मिमी रुंदीत ही जागा काढायची तर कार्ड ११५ मिमी उंचीच्या आतलंच घ्यावं लागतं. बाजूचा पॅनल दाबून केबल बसवायची वेळ आली तर समजा डिझाइन चुकलंय, केबलवर जबरदस्ती करू नका.

पुठ्ठ्याचं मॉडेल, हे चुकवू नका

फ्रीकॅड किंवा फ्यूजनसारख्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं बसतं, पण तिथे हात नसतो. चवथीच्या मखराला आणतो तसला जाड पुठ्ठा आणा, कटर आणि फेव्हिकॉल, आणि खऱ्या मापाचं मॉडेल बनवा. एका संध्याकाळचं काम आहे. मग खरे पार्ट आत ठेवून बघा: स्क्रू ड्रायव्हर जातो का, २४ पिनी केबल वळते का, रॅम काढायला बोटं शिरतात का. माझ्या पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये मला कळलं की एसएमपीएस लावल्यानंतर पुढच्या पॉवर बटनाची वायर घालायला वाटच नाही, तीच चूक पत्र्यात झाली असती तर चार-पाच हजार पाण्यात.

पुठ्ठ्यानंतर मी दुसरं मॉडेल एमडीएफमध्ये केलं, वापरायला म्हणून, आणि ते जुलैत केलं. तीन आठवड्यांत खालची कडा पावाच्या कडेसारखी फुगली, बाजूचा पॅनल खोबणीत अडकून बसला, आणि ओढून काढला तर कोपरा भुसा होऊन हातात आला. गोव्यात एमडीएफ फक्त नमुन्यापुरतं. लाकूडच हवं असेल तर मरीन प्लाय, आणि कडा सुद्धा नीट सील करून.

जाळी

इथे जरा थांबतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि आवाज इथेच कमी झाला.

जाळी दिसायला मोकळी वाटते पण हिशोब केल्यावर कळतं. गोल भोकं एकाआड एक सरकवून मांडली तर मोकळी जागा अशी काढा: भोकाचा व्यास भागिले दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर, त्याचा वर्ग, आणि गुणिले ०.९. माझ्या पहिल्या छताला ३ मिमीची भोकं ६ मिमी अंतरावर होती, छान नाजूक दिसायची. हिशोब केला तर मोकळी जागा फक्त २३ टक्के! म्हणजे पंख्याच्या तोंडावर तीन चतुर्थांश झाकण. आता मी षटकोनी भोकं घेतो, ८ मिमीची, १० मिमी अंतरावर, त्यात ६४ टक्के मोकळं मिळतं आणि मध्ये २ मिमीची पट्टी उरते त्यामुळे २ मिमी पत्रा कापताना वाकत नाही. तळाला तर जाळी ठेवलीच नाही, ११६ मिमीचे पूर्ण गोल कापले आणि खालून नायलॉनची फिल्टर लावली, तळ कोणाला दिसतो.

दुसरं म्हणजे पंखा आणि जाळीमधलं अंतर. पंखा ज्या बाजूने हवा ओढतो त्या बाजूला जाळी एकदम चिकटून असेल तर पाती प्रत्येक पट्टीवरून जाताना एक कुरकुर येते, पंखा नवीन असून खराब झाल्यासारखा वाटतो. ५ ते १० मिमीचं अंतर सोडा. मी छताचा पंखा आणि जाळी यांच्यामध्ये, आणि तळाचे पंखे आणि फिल्टर यांच्यामध्ये रबराचे स्पेसर घातले, तोच वेग, तोच पंखा, पण ती कुरकुर गेली.

तिसरं, पायांची उंची. तळातून हवा घ्यायची तर कॅबिनेट जमिनीपासून किती वर पाहिजे? ११६ मिमीच्या दोन गोलांचं क्षेत्रफळ २११ चौरस सेमी. कॅबिनेटच्या तळाचा घेर ९९ सेमी. पाय २० मिमीचे ठेवले तर चारी बाजूंनी हवा शिरायची फट १९८ चौरस सेमी, म्हणजे गोलांपेक्षाही कमी, २५ मिमी ठेवले तर २४७. म्हणून २५. हे कागदावर, पण खरं तपासायला मी कॅरमच्या सोंगट्या वापरल्या, प्रत्येक पायाखाली एक, मग दोन, मग तीन, आणि प्रत्येक वेळी अर्धा तास गेम चालवून कार्डाचं टेम्परेचर लिहिलं. जिथे अजून एक सोंगटी घालून काही फरक पडत नाही, ती तुमची उंची.

पत्रा, वर्कशॉप आणि रंग

अ‍ॅल्युमिनियम घ्या, २ मिमी, आणि ५०५२ ग्रेड मागा, समुद्राच्या खाऱ्या हवेत तो चांगला टिकतो. साधा लोखंडी पत्रा रंग उडाला की दुसऱ्या पावसाळ्यात गंजतो. लेझर कटिंगला ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल द्यावी लागते. पत्रा वाकवताना ताणला जातो, किती ताणला जाईल हे त्या वर्कशॉपच्या मशीनवर अवलंबून असतं, म्हणून ड्रॉइंग देताना ‘बाहेरचं माप एवढं यायला पाहिजे’ असं लिहून द्या आणि एक छोटा एल आकाराचा तुकडा आधी वाकवून घ्या, मोजा, मग बाकीचं. भोकं वाकवण्याच्या रेषेपासून निदान ८ मिमी लांब ठेवा, नाहीतर ती अंड्यासारखी लांबट होतात. एका वर्कशॉपने माझे दोन पॅनल उलट्या बाजूला वाकवले होते, त्यात चूक माझीही, ड्रॉइंगवर वर-खाली लिहिलंच नव्हतं. बाण काढा, ‘ही बाजू बाहेर’ असं मोठ्या अक्षरात लिहा.

पावडर कोटचा थर दोन्ही बाजूंनी मिळून दीड-दोन दशांश मिमी होतो, म्हणून एकमेकात सरकणाऱ्या भागांत अर्धा मिमी सूट द्या. स्टीलचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियमला थेट लावले तर खाऱ्या दमट हवेत जोडाशी पांढरी भुकटी धरते, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला आणि आट्यांना थोडं ग्रीस लावा.

पण एक जागा अशी आहे जिथे रंग नकोच, ते म्हणजे एसएमपीएसचे स्क्रू आणि बोर्डचे स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) बसतात ती. पावडर कोट वीज जाऊ देत नाही, तिथला रंग खरवडून धातूला धातू टेकू द्या. मग प्लग काढून मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनपासून प्रत्येक पॅनलपर्यंत चेक करा, १ ओहमच्या आत आलं पाहिजे. जुन्या घरांत अर्थिंगच धड नसतं, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कॅबिनेटला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

टेस्टिंग: गरमीची वेगळी, आवाजाची वेगळी

दोन्ही एकदम करायला जाल तर दोन्ही चुकतील. गरमीची टेस्ट तुम्ही खरोखर जसे बसता तसंच करा, दुपारी, सीलिंग फॅन चालू ठेवून, आणि कॅबिनेटशेजारी साधा थर्मामीटर ठेवा. दर वेळी खोलीचं टेम्परेचर लिहायचं आणि कार्डाच्या आकड्यातून ते वजा करायचं, कारण जानेवारीच्या रात्रीचा आणि मेच्या दुपारचा आकडा तसाच शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही. टेम्परेचर दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर चालू ठेवा. सिनेबेंच (प्रोसेसरला ताण देणारं) आणि फरमार्क (कार्डाला ताण देणारं) लावून वाईटात वाईट बघा, पण निर्णय मात्र तुम्ही खेळता त्या गेमवर घ्या, निदान अर्धा तास, म्हणजे पाच मिनिटांत आकडा १ डिग्रीपेक्षा जास्त हलत नाही तोपर्यंत.

मग बाजूचा पॅनल काढून तीच टेस्ट परत. ५ डिग्रीपेक्षा जास्त फरक पडला तर कॅबिनेट हवा अडवतंय, जाळीकडे परत जा. फरक २-३ डिग्रीचा असेल तर डिझाइन चांगलं आहे.

आणि आता उदबत्ती. लोड चालू असताना एक उदबत्ती पेटवून कॅबिनेटच्या कडेकडेने हळू फिरवा, राख आत पडणार नाही एवढ्या लांबून, आणि थोडाच वेळ. धूर तळाशी आत ओढला गेला पाहिजे आणि छतातून सरळ वर निघाला पाहिजे. मी केलं तेव्हा छतातून निघालेला धूर भिंतीला आपटून, कॅबिनेटच्या मागून खाली येऊन परत तळातून आत जात होता, एक निळसर पट्टा अगदी स्पष्ट दिसत होता. म्हणजे कार्ड आपलीच गरम हवा परत पीत होतं. कॅबिनेट भिंतीपासून १५ सेमी पुढे ओढलं आणि तो पट्टा तुटला. एक रुपया खर्च नाही.

आवाजाची टेस्ट रात्री दोननंतर, पावसाळा सोडून. पावसात कौलांवरची सर आणि बाहेरचे बेडूक यांच्यापुढे काहीच मोजता येत नाही. सीलिंग फॅन बंद, फ्रिज थोडा वेळ बंद. आता यातली युक्ती अशी की गेम चालवायचा नाही, फॅनकंट्रोल या सॉफ्टवेअरमधून पंखे एकेका वेगावर लॉक करायचे, गरमीच्या टेस्टमध्ये जे वेग आले होते त्याच वेगांवर, आणि मोजायचं. त्यामुळे खोली तापत नाही आणि आकडा हलत नाही. मोबाइलचं अ‍ॅप चालतं, त्याचा आकडा अचूक नसतो पण आधीचं आणि नंतरचं यातला फरक कळतो. फोन नेहमी त्याच जागी, कानाच्या उंचीला, ५० सेमीवर, स्टँडवर. आधी मशीन बंद ठेवून खोलीचा आवाज घ्या. खोली ३० आणि मशीन चालू केल्यावर ३३ आलं तर याचा अर्थ मशीनचा स्वतःचा आवाज ३०, डेसिबल साधी बेरीज-वजाबाकी होत नाहीत.

मग कानाची टेस्ट, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक पंखा एकटा चालवून ४०० पासून १५०० आरपीएमपर्यंत ५०-५० ने वाढवत जा. एखाद्या ठिकाणी अचानक पत्रा गुणगुणायला लागतो, माझ्याकडे तो ८५०-९०० ला होता. ते वेग फॅन कर्व्हमधून, म्हणजे किती टेम्परेचरला पंखा किती फिरेल त्या सेटिंगमधून, वगळा. पॅनलवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा, टण्ण असा घुमला तर कारच्या दारात लावतात ती डॅम्पिंग शीट मध्यभागी पाव भागापुरती चिकटवा, पूर्ण पॅनल भरायची गरज नसते. दोन सारखे पंखे १००० आणि १०२० वर फिरत असतील तर ‘वँव-वँव’ असा हेलकावणारा आवाज येतो, मुद्दाम दोघांत १०० चा फरक ठेवा, जातो.

कार्डातून किरकिर येत असेल तर ती कॉइलची, पंख्याची नव्हे. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) मॉनिटरच्या रिफ्रेश रेटइतके लॉक करा, मेनू स्क्रीनवर तर नक्कीच.

शेवटचं सेटिंग

आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली, म्हणजे २०० चे १६० वॅट, एफपीएसमध्ये फार थोडा फरक पडला आणि पंखे ठळक हळू झाले. प्रोसेसरला बायोसमधून कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) मायनस २० दिला, तुमच्याकडे मशीन अडकलं तर मायनस १५ किंवा १० करा. तळाचे पंखे प्रोसेसरला नाही तर ग्राफिक्स कार्डाच्या टेम्परेचरला जोडा, कारण प्रोसेसर एक फोल्डर उघडला तरी क्षणभर १५ डिग्री उडी मारतो आणि पंखे उगाच वर-खाली होतात. वेग वाढायला ४-५ सेकंदांचा उशीर ठेवा. कान सवयीने एकसारखा आवाज विसरतो, चढ-उतार विसरत नाही.

पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद पडून राहू देऊ नका, रोज अर्धा तास तरी चालवा म्हणजे आतली दमट हवा निघून जाते. तळाची फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाण्याने धुवायची, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायची नाही, जुलैत ती वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून दोन जोड आणून ठेवा.